मगदुमांच्या ट्रॅक्टरात पाणी

डब्यातलं कुलंट गोठलं होतं!

इंदूने डबा आडवा केला, उलटा केला, तळावर दोन थापट्या मारल्या. एक थेंब बाहेर येईल तर शपथ. शेवटी तिने जमिनीवरची एक काडी उचलून आत खुपसली. थिजलेल्या तुपात चमचा उभा राहावा तशी ती काडी त्या हिरव्या लगद्यात ताठ उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, थंडीत एखादी वस्तू गोठली तर त्यात एवढं नवल कसलं? नवल असं, की त्या डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'गोठणरोधक'. म्हणजे गोठू नये म्हणून जे मुद्दाम विकत आणलं, तेच गोठून बसलं होतं! आणि याहून वाईट गोष्ट म्हणजे, काल संध्याकाळी आबांनी इंजिन गार ठेवायला ट्रॅक्टरमध्ये भरलं होतं ते याच डब्यांतलं.

इंदू घाबरली. का घाबरली, ते समजायला हे सगळं कुठे चाललं होतं ते आधी सांगायला हवं.

लडाखच्या एका उंच खोऱ्यात 'शीतशेती केंद्र' नावाची जागा होती. इंदूची आई वृषाली तिथली शास्त्रज्ञ. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना काचेच्या हरितगृहात (उष्णता धरून ठेवणाऱ्या काचघरात) पालक, मुळे, टोमॅटो कसे पिकवायचे, याचे प्रयोग ती करायची. आज लडाखमध्ये पिकलं तर उद्या मंगळावरही पिकेल, असा त्या प्रयोगांमागचा विचार होता. इंदू आईबरोबर इथे राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. आणि यंदाच्या उन्हाळ्यात आईचे वडील, म्हणजे इंदूचे आबा, कागलजवळच्या आपल्या गावाहून इथे आले होते. एकटे नव्हते आले. आपला जुना लाल ट्रॅक्टर मालमोटारीवर चढवून घेऊन आले होते. तो ट्रॅक्टर वयाने इंदूच्या आईपेक्षाही मोठा!

"काय हो आबा, एवढं लोखंड कशाला आणलंत?" आई तेव्हा म्हणाली होती. पण पुढे केंद्राचा बॅटरीवर चालणारा नवा ट्रॅक्टर बिघडला आणि दुरुस्तीसाठी खाली शहरात गेला. तो आता घाटरस्ता उन्हाळ्यात उघडल्यावरच परत येणार होता. हिवाळाभर बर्फ बाजूला सारायला उरला एकच गडी, आबांचा लाल ट्रॅक्टर. त्याच्या पुढे बर्फ ढकलायचं रुंद पातं बसवलं, तेव्हा आबांची मान अशी ताठ झाली की विचारू नका.

पण आबांनी एक अटही स्वतःलाच घालून घेतली होती. "ट्रॅक्टर चालला तर मी हिवाळाभर ऱ्हातो," ते म्हणाले होते. "न्हाई चालला, तर शेवटच्या गाडीनं गावाकडं उतरतो. बसून खायला मी काय पाव्हणा हाय?"

आणि ती शेवटची गाडी उद्या सकाळी निघणार होती. ती गेली की घाट बंद. इंदूला आबा हवे होते. आई दिवसभर रोपांत गुंतलेली. आबा आले तेव्हापासून इंदूशी पत्ते खेळायला, भांडायला, भाकरी करपवायला घरात हक्काचं माणूस होतं. ते गेले असते तर सहा महिने पुन्हा तीच सामसूम. म्हणून डब्यात उभी राहिलेली ती काडी बघून इंदू घाबरली होती.

तेवढ्यात ट्रॅक्टरच्या शेडच्या पुढच्या बाजूने आबांचा आवाज आला. "चल रं गड्या, जरा अंग हलीव. लावू का चावी?"

"आबा, थांबा! चावी लावू नका!" इंदू किंचाळली आणि डबा तसाच हातात घेऊन धावली.

आबा ट्रॅक्टरवर बसलेले होते. कानटोपीवर आणखी एक मफलर, आणि चावीपाशी गेलेला हात. "काय झालं? साप निघाला व्हय? हितं कुठला साप!"

"साप नाही हो. हे बघा." इंदूने डबा पुढे केला.

आबांनी काडी हलवून पाहिली. मग डब्यावरची अक्षरं पाहिली. मग पुन्हा काडी. "छ्या! माल डुप्लिकेट निघाला," त्यांनी निकाल दिला. "दुकानदारानं फसवलं."

"माल अस्सल आहे, आबासाहेब," दाराकडून कुणीतरी शांतपणे म्हणालं.

हा मापाडी. बाजार समितीत धान्य मोजून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात, ते नाव आबांनीच या यंत्रमानवाला (स्वतः काम करणाऱ्या यंत्राला) ठेवलं होतं. उंचीने स्टुलाएवढा, खाली तीन चाकं, एक लांब हात, आणि त्या हाताच्या टोकाला नाना तऱ्हेची मापं. दिवसभर तो मोजत फिरायचा. तापमान मोज, ओलावा मोज, पानांची लांबी मोज. खोटं कधी बोलायचा नाही. पण त्याची एक खोड होती. विचारल्याशिवाय तो काही सांगायचा नाही.

"मग गोठलं का?" इंदूने विचारलं.

"काल रात्री या शेडमध्ये तापमान शून्याखाली एकोणीस अंश होतं. शुद्ध कुलंट शून्याखाली साधारण तेरा अंशांवर गोठू लागतं. म्हणून गोठलं."

"अरे, मग हे काल का नाही बोललास?"

"काल मला डबे मोजायला सांगितले होते, इंदूताई. डबे बरोबर होते."

इंदूने कपाळावर हात मारून घेतला. आबा मात्र ट्रॅक्टरवरून खाली उतरले. त्यांचा चेहरा पडला होता. "शुद्ध गोठतंय? मग काय भेसळीचं घालायचं हुतं?"

काल झालं होतं ते असं. आबा सकाळपासून ट्रॅक्टरच्या मागे लागले होते. गावाकडे त्यांचा ट्रॅक्टर जन्मभर साध्या बोअरच्या पाण्यावर चालला. तिथे कशाला काय गोठतंय! पण इथे साधं पाणी चालणार नाही एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रेडिएटरच्या (इंजिनाचं गरम पाणी गार करणाऱ्या जाळीच्या) खालचा नळ उघडला. इंजिनाच्या अंगावर पाणी सोडायचा आणखी एक बोल्ट असतो, तो पुष्कळ लोक विसरतात. आबांनी तोही काढला. तांबूस, गंजाचं पाणी भळाभळा बाहेर आलं. मग स्वच्छ पाणी दोनदा आतून फिरवून सगळं धुऊन काढलं, आणि दोन्ही भोकं उघडी ठेवून गरम हवेने आतला भाग कोरडा केला. काम एकदम चोख.

घोटाळा पुढे झाला. डब्यावर लिहिलं होतं, 'एक भाग कुलंट, एक भाग शुद्ध पाणी.' इंदूने ते मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. आणि आबा खवळले होते.

कारण आबांचं, म्हणजे मगदुमांचं घर हे दुधाचं घर. तीन पिढ्या त्यांनी आसपासच्या गावांना दूध घातलं, आणि त्यात कधी पाण्याचा थेंब घातला नाही. "मगदुमांचं दूध आहे," म्हटलं की गिऱ्हाईक भांड्यात बघायचंसुद्धा नाही. आबांच्या लेखी पाणी मिसळणं म्हणजे लबाडी. "कंपनीवाल्यांचं काय जातंय सांगायला, पाणी घाला म्हणून," ते काल म्हणाले होते. "मी माझ्या ट्रॅक्टराला पाणचट घालणार न्हाई. चांगलं घट्टच घालणार." आणि त्यांनी डब्यामागून डबा तसाच्या तसा ओतला होता. इंदूलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोला. निम्म्यापेक्षा पूर्ण जास्त चांगलं, एवढं साधं गणित तिने केलं होतं.

"आता चावी लावली असती तर काय झालं असतं?" तिने मापाडीला विचारलं.

"इंजिन चालू झालं की आत आग निर्माण होते. ती उष्णता कुलंटने वाहून बाहेर न्यायची असते. लगदा वाहत नाही. पंपाचं पातं तुटलं असतं, किंवा बाहेर एवढी थंडी असूनही इंजिन आतून तापून निकामी झालं असतं."

आबांनी चावी काढली आणि खिशात घातली.  मग खालच्या आवाजात म्हणाले, "फुटलं तर न्हाई ना रं आधीच? पाणी गोठलं की लोखंड फोडतंय म्हणत्यात."

"पाणी फोडतं. शुद्ध कुलंट गोठताना फुगत नाही, उलट किंचित आक्रसतं. तुमचं इंजिन शाबूत असावं."

"असावं?"

"मी आत जाऊन मोजलेलं नाही, आबासाहेब."

इंदू आईला बोलवायला पळाली. आई हातात रोपाचा ट्रे घेऊन तशीच आली. सगळं ऐकलं, डब्यातली काडी पाहिली, आणि एकदम म्हणाली, "आबा, मला एका शब्दाने विचारायचंत की हो!"

"तू कामात हुतीस," आबा म्हणाले. "आणि माझ्या ट्रॅक्टराचं मी तुला काय इचारायचं?"

"आज रात्री बर्फ आहे. उणे तीसपर्यंत जाईल म्हणतात." आई आता काळजीत पडली होती. "सकाळी वाट मोकळी झाली नाही तर गाडी अडकेल. आणि हरितगृहाच्या काचेवर बर्फ साचून राहिला तर आत ऊन येणार नाही. सगळी रोपं जातील."

"मग पाणी घालू या ना अर्धं!" इंदू म्हणाली.

"गोठणाऱ्यात गोठणारं घालायचं?" आबा तिच्याकडे वळले. "पोरी, जरा डोकं चालीव. पाणी शून्याला गोठतंय. हे तेराला गोठतंय. दोन्ही एकत्र केलं तर कुठंतरी मधीच गोठंल की! सहाला, न्हाईतर सातला. आणि बाहेर तीस!"

इंदूने डब्यावरची अक्षरं पुन्हा वाचली.  आपणसुद्धा गरम आणि गार पाणी एकत्र केलं की कोमट मिळतं असंच धरून चालतो. मग डब्यावर लिहिलंय ते खरं कसं?

"करून बघा," आई म्हणाली. तिने रोपाचा ट्रे खाली ठेवला. "बियांची शीतपेटी उणे तीसवर आहे. तीन बाटल्या आत ठेवा आणि काय होतं ते बघा. तोवर मी हरितगृहातली गरम हवा पाईपाने शेडमध्ये सोडते. ट्रॅक्टरमधला लगदा तरी पातळ होऊ दे."

इंदूने प्लास्टिकच्या तीन छोट्या बाटल्या शोधल्या. पहिलीत नुसतं पाणी, काठोकाठ. दुसरीत नुसतं कुलंट. तिसरीत अर्धं पाणी, अर्धं कुलंट. कुलंट चुलीपाशी ठेवून आधी पातळ करून घ्यावं लागलं. हातात रबरी मोजे घालायला आईने दोनदा बजावलं, कारण त्यातलं इथिलीन ग्लायकॉल (गोठण लांबवणारं रसायन) चवीला गोडसर पण विषारी असतं. कुत्री, गाई ते गोड म्हणून चाटतात आणि जिवानिशी जातात. म्हणून सांडलेला एकेक थेंब पुसून घ्यायचा आणि काढलेलं कुलंट कधीही उघड्यावर ओतायचं नाही.

बाटल्या शीतपेटीत गेल्या. सगळे जेवायला बसले. आबांनी अर्धीच भाकरी खाल्ली. इंदूने त्यांना चटणी वाढली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात त्यांची वळकटी होती आणि ते मधूनमधून तिच्याकडे बघत होते. इंदूला ते बघवेना.

जेवणं उरकल्यावर काही वेळाने मापाडीने शीतपेटी उघडली.

पहिली बाटली दगडासारखी झाली होती, आणि बाजूने उभी तडकली होती. पाण्याने आपलं काम चोख केलं होतं. दुसरी, घट्ट कुलंटची. तीही उलटी केली तरी हलेना. आणि तिसरी? इंदूने तिसरी बाटली तिरपी केली.

आतलं हिरवं मिश्रण जरा जडपणे, पण सरळ या टोकाकडून त्या टोकाकडे वाहत गेलं.

"अगं आई गं!" इंदूचे डोळे विस्फारले.

आबांनी बाटली तिच्या हातातून घेतली. उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. "ही पेटीतच हुती ना? का मघाशी बाहेर काढलीस?"

"मापाडीनं आत्ता तुमच्यासमोर काढली, आबा."

"पेटीत तापमान उणे तीस अंश आहे," मापाडी म्हणाला. "निम्मं-निम्मं मिश्रण उणे सदतीस अंशांपर्यंत गोठत नाही."

"पण का? दोघंही गोठतात, मग मिसळल्यावर का नाही गोठत?" इंदूने विचारलं, आणि मापाडीच्या कपाळावरचा हिरवा दिवा लागला. 'का' हा शब्द ऐकला की तो लागायचा.

"इंदूताई, तुम्ही गावाकडे हादगा खेळलात का?"

"हो. मधे पाटावर हत्ती ठेवायचा, आणि आम्ही मुली हात धरून फेर धरायचो."

"फेर धरला की जागा जास्त लागते, की सगळ्या मुली नुसत्या घोळका करून उभ्या राहिल्या की?"

"फेराला जास्त. मधली जागा रिकामी राहते ना."

"पाण्याचे रेणू (पदार्थाचे सगळ्यात छोटे कण) तसेच आहेत. पाणी पातळ असतं तेव्हा ते घोळक्याने एकमेकांत घुसत, ढकलाढकली करत फिरतात. थंडी वाढली की त्यांची पळापळ कमी होते. मग ते एकमेकांना धरून सहा-सहांचे फेर करतात. फेराला फेर जोडला जातो. त्यालाच आपण बर्फ म्हणतो. मधे रिकामी जागा राहते, म्हणून बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा मागतो. इंजिनाच्या आत जागा नसते. मग लोखंड तडकतं."

इंदूने त्या तडकलेल्या बाटलीवरून बोट फिरवलं. "आणि कुलंट घातलं की?"

"ग्लायकॉलचे रेणू लांबट असतात. तेही पाण्याच्या रेणूंचा हात धरतात, पण फेरात बसत नाहीत."

"म्हणजे फेर धरायला गेलं की मधेच एक लांबडी मुलगी हात धरून उभी, आणि तिला फिरताच येत नाही!" इंदू टाळी वाजवून म्हणाली. "मग फेर जमणारच नाही!"

"खूप थंडी पडून सगळ्यांची हालचाल फारच मंदावली, तरच जमतो. म्हणून गोठणबिंदू (ज्या तापमानाला द्रव गोठतो तो अंक) खूप खाली जातो."

आबा ऐकत होते. कुणाला वाटलं नसतं, पण ते फार लक्ष देऊन ऐकत होते. "हे पाण्याचं झालं," ते म्हणाले. "पण नुसत्या घट्टचं काय? त्यात कोण कुणाचा खेळ मोडतंय?"

इंदू विचारात पडली. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "कुणीच नाही, आबा! नुसत्या कुलंटमध्ये सगळ्या लांबड्याच. त्यांची आपापसात रांग लागते. मधे घुसून ती रांग मोडायला पाणीच नाही. म्हणून ते तेरालाच गोठतं. पाणी त्यांची रांग मोडतं आणि त्या पाण्याचा फेर मोडतात. दोघंही एकमेकांना गोठू देत नाहीत!"

"बरोबर," मापाडी म्हणाला. त्याच्याकडून एवढंच कौतुक मिळायचं.

आबांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "म्हंजी पाणी ही भेसळ न्हवं. निम्मं औषध तेच हाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग उठून उभे राहिले. "चुकलं माझं. वृषाली, मी तुला इचाराय पायजे हुतं. आता ऊन हाय तोवर उरकू या. कुठलं पाणी घालायचं? ओढ्याचं आणू?"

"ओढ्याचं नको," आई म्हणाली. "त्यात क्षार असतात. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, तसा इंजिनात आतून बसतो आणि उष्णता अडवतो. हरितगृहाच्या छताला वाफ लागून जे थेंब जमतात, त्यांचं पाणी मी टाकीत साठवते. ते वाफेचं, म्हणजे अगदी शुद्ध. ते घ्या."

शेडमध्ये गरम हवा येऊन ट्रॅक्टरमधला लगदा पातळ झाला होता. आबांनी खाली घमेलं सरकवलं आणि नळ उघडला. आधी एक जाड थेंब लोंबकळत राहिला, मग हिरवी धार लागली. इंजिनाचा बोल्ट काढल्यावर तिथूनही धार लागली. आबांनी लगेच खाली वाकून इंजिनाच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला, तडा आहे का ते बघत. नव्हता. त्यांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की इंदूला हसू आलं.

मग बादलीत मिश्रण करायचं काम निघालं आणि त्यात आबांना हटकायची कुणाची टाप नव्हती. मापाडीने काचेची एक नळी काढून दिली. द्रवात सोडली की ती तरंगते. द्रव जितका जड, तितकी ती वर राहते. नळीवरच्या रेघा बघून मिश्रणात कुलंट किती, पाणी किती ते कळतं.

"हे आमच्या लॅक्टोमीटरचं थोरलं भावंड की!" आबांचे डोळे चमकले. दुधात पाणी घातलंय का ते ओळखायच्या नळीला लॅक्टोमीटर म्हणतात. ती नळी त्यांनी जन्मभर हाताळली होती. "सर बाजूला. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं असतंय, वरनं बघितलं की फसवतंय. आणि आधी द्रव कोमट हाय का गार, ते सांग मापाड्या. गार असंल तर रीघ खोटी पडती."

"अठरा अंश," मापाडी म्हणाला.

आबांनी बादलीत आणखी अर्धा मग पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा नळी सोडली आणि बसकण मारून डोळा लावला. दुधात पाण्याचा एक थेंबही जाऊ नये म्हणून ज्या माणसाने आयुष्य घालवलं, तो आज पाणी पुरेसं पडावं म्हणून जपत होता. इंदूला आबा फार आवडले तेव्हा.

मिश्रण भरून झालं. आबांनी रेडिएटरचं झाकण मोकळं ठेवून इंजिन चालू केलं, कारण आत अडकलेली हवा बाहेर निघाली पाहिजे. बुडबुडे आले, पातळी खाली गेली, पुन्हा भर घातली. इंजिन थंड असतं तेव्हा थर्मोस्टॅट (ठराविक उष्णतेला आपोआप उघडणारी झडप) मधली वाट बंद ठेवतो. तो उघडेपर्यंत सगळं मिश्रण एकमेकांत फिरत नाही. म्हणून बराच वेळ इंजिन चालू ठेवून मग पुन्हा एकदा मोजलं. मापाडीने मिश्रणाच्या गोठणबिंदूचा आकडा सांगितला. उणे छत्तीस.

"झाकण आता लावा, आबा," इंदू घाईघाईने म्हणाली.

"बंद करून गार होऊ दे आधी. आणि एवढं ध्यानात ठेव, गरम इंजिनाचं लावलेलं झाकण कधी उघडायचं न्हाई. उकळतं अंगावर उडतंय." आबांनी इंजिन बंद केलं, गार झाल्यावर झाकण लावलं, बॅटरी काढून घरात नेली, आणि थंडीतलं खास डिझेल टाकीत आहे ना ते दोनदा विचारून घेतलं. आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

रात्री खूप बर्फ पडला.

सकाळी इंदू दार उघडून बाहेर आली तर पायऱ्या दिसत नव्हत्या. शेडची वाट नाहीशी झाली होती. खाली वळणावर शेवटची गाडी उभी होती आणि तिच्या चाकांच्या वरपर्यंत पांढरं होतं.

"शून्याखाली एकोणतीस," मापाडी म्हणाला.

आबा फावड्याने वाट करत शेडपर्यंत गेले. इंदू मागे. आई आली. गाडीचा ड्रायव्हर नोर्बूही वर आला होता, हात चोळत. आबांनी बॅटरी जोडली. ट्रॅक्टरवर चढले.  इंदूला ओरडावंसं वाटत होतं, पण तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

चावी फिरली. इंजिन कुरकुरलं, खोकलं आणि गप्प झालं.

"आबा..."

"दम धर." आबांनी इंजिन तापवायचं बटण दाबून धरलं, थोडं थांबले आणि पुन्हा चावी फिरवली. धडधड, धडधड! काळ्या धुराचा एक झोत निघाला आणि लाल ट्रॅक्टर सुरू झाला.

इंदू उड्या मारू लागली. आबांनी मात्र अजून पातं हलवलं नाही. ते खाली उतरले, हातातला मोजा काढला आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"हात लाव," ते इंदूला म्हणाले.

नळी कोमट होत होती. बघता बघता चांगली गरम झाली. आतलं मिश्रण इंजिनातली उष्णता उचलून इथवर घेऊन येत होतं. बाहेर उणे एकोणतीस, आणि आत ते मजेत वाहत होतं!

मग आबांनी पातं खाली सोडलं. हरितगृहाच्या भोवतीचा बर्फ सरला, पायऱ्यांपुढचा सरला, आणि मग ट्रॅक्टर वळणाच्या दिशेने निघाला. इंदू त्यांच्या बाजूच्या पत्र्यावर गच्च धरून बसली होती. मापाडी मागच्या फळीवर बांधलेला.

"मापाडी," इंदू इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "मंगळावरही असंच चालेल का?"

"मंगळाच्या मातीत काही क्षार सापडले आहेत. ते पाण्यात विरघळले तर पाणी फार खालच्या तापमानापर्यंत पातळ राहू शकतं. आणि शनीच्या काही चंद्रांवर जाड बर्फाखाली समुद्र आहेत असं शास्त्रज्ञांना वाटतं. एवढ्या थंडीत ते समुद्र गोठून का गेले नाहीत, याचं एक कारण त्यांत मिसळलेले क्षार असू शकतात."

"म्हणजे तिथेही कुणीतरी फेर मोडतंय!"

"तिथं जायला कुणाला तरी लागंलच की," आबा म्हणाले. "तू जाणार असशील तर सांग. इंजिनात काय घालायचं ते मी सांगतो."

ते वळणावर पोहोचले. गाडीपुढची वाट मोकळी झाली. पुढच्या वळणापर्यंत, आणि त्याच्याही पुढे, जिथून घाटाचा रस्ता खाली उतरतो तिथवर आबांनी पातं नेलं आणि परत आणलं. नोर्बूने गाडी चालू केली. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हिंदीत विचारलं, "आबाजी, आपका सामान कहाँ है? आपकी सीट रखी है।"

इंदूने आबांची बाही घट्ट पकडली.

आबांनी ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घेतला, त्याला जायला जागा करून दिली, आणि आपल्या कागली हिंदीत ओरडून म्हणाले, "तुम जाव, बाबा! आज रात को फिर बरफ पडनेवाला है। मैं गया तो ये रस्ता कौन साफ करेगा?"

नोर्बू हसला, हॉर्न वाजवला आणि गाडी उताराला लागली. आबांनी मोकळ्या केलेल्या रस्त्यानेच ती आबांना न घेता निघून गेली. इंदूने आबांच्या गळ्यात हात टाकले आणि ती हसत हसत रडायला लागली.

"अगं, सोड, सोड! ब्रेकवरचा पाय निसटंल माझा," आबा म्हणाले, पण त्यांनीच एका हाताने तिला जवळ ओढलं. त्यांनी गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं, मग ट्रॅक्टर वळवला. हरितगृहाच्या मागच्या बाजूचा बर्फ अजून काढायचा होता.